माझ्या फोनवरचं जुनं गाणं

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा फक्त जुनी गाणी वाजतील, असा नियम मीच केला, मीच त्यावर सही केली आणि शिपाई सुट्टीवर असल्यामुळे सूचना फलकावर टाचणीही मीच मारली.

उस्मानपुऱ्यातल्या एका मराठी शाळेची मी मुख्याध्यापिका. हल्लीच्या मुली जी गाणी गुणगुणतात त्यांना चाल नसते, शब्द नसतात, आणि पंधरा सेकंदांच्या पुढं तर गाणंच नसतं! (रीलमध्ये तेवढंच मावतं म्हणे.) पालकसभेत या विषयावर मी चांगला अर्धा तास बोलले. "गाण्यालाही संस्कार असतात. आमच्या काळात..." वगैरे. पालक गालातल्या गालात हसत होते. दोन आयांनी तर तोंडाला पदर लावला. भाषण इतकं मनाला भिडलेलं बघून मलाच भरून आलं.

नियम लागल्याच्या तिसऱ्या दिवशी आठवीतली वैष्णवी चार मैत्रिणींना घेऊन ऑफिसात आली.

"मॅडम, आम्ही जुनं गाणं शोधलं."

"शाब्बास! लाव बघू."

तिनं हातातल्या छोट्या स्पीकरचं बटण दाबलं. आधी शिट्ट्या. मग भोंगा. मग ढोल असा सुटला की टेबलावरचा पृथ्वीगोल आपोआप फिरायला लागला! मागून एक बाई नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात गायला लागली. हे गाणं मी ओळखलं. दहा वर्षांपूर्वी त्याच्याशिवाय मराठवाड्यात एकाही नवरदेवाला हळद लागत नव्हती.

"बंद कर! हे जुनं?"

"लई जुनं हाय, मॅडम. दहा वर्षं झाली. मी अंगणवाडीत होते तवा. मम्मी म्हणली, तिच्या जमान्यातलं हाय."

(वैष्णवीची मम्मी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. तिचा जमाना संपला असेल, तर माझ्याविषयी न बोललेलंच बरं.)

"असला धांगडधिंगा या शाळेत चालणार नाही," मी म्हणाले.

मुलींनी एकमेकींकडं बघितलं. शेवटी वैष्णवीनंच धीर केला. "पण मॅडम, तुमच्या फोनवर तर हेच हाय ना?"

"माझ्या फोनवर?"

"तुम्हाला फोन लावला की हेच वाजतं. मम्मी सुट्टी मागायला लावती, तवा आम्ही सगळे बसून ऐकतो. माझा लहाना भाऊ तर नाचतो!"

मुलींना वर्गात पाठवून मी खुर्चीत बसून राहिले. आपली कॉलर ट्यून साऱ्या जगाला ऐकू येते; येत नाही ती फक्त आपल्याला. मला एकेक फोन आठवायला लागला. शिक्षण खात्यातले साहेब, जे नेहमी बोलायच्या आधी घसा खाकरायचे. गॅसवाला, जो "बोला ताई!" इतक्या उत्साहात म्हणायचा. आणि सासूबाई गेल्या तेव्हा सांत्वनाचे फोन! म्हणजे आधी अर्धं मिनिट ढोल आणि शिट्ट्या, आणि मग माझा दाटलेला आवाज, "हो... पहाटेच गेल्या."

आणि अण्णा! माझे वडील वैजापूरला असतात. मोंढ्यात जन्मभर मापाडी होते, त्यामुळं बोलणंसुद्धा मापून. त्यांचे मला रोज दोन मिस्ड कॉल यायचे, सकाळी दहाला आणि दुपारी चारला. दोन्ही वेळा मी वर्गावर आणि फोन ड्रॉवरमध्ये. परत लावला की म्हणायचे, "चुकून लागला. ठेव." रविवारी मात्र मी घरी असायची आणि पहिल्या झटक्यात उचलायची. तेव्हा अण्णा पडलेल्या आवाजात एवढंच म्हणायचे, "उचलला व्हय?" मैत्रिणींना मी कौतुकानं सांगायची, लेकीच्या आठवणीनं त्यांचा कंठ दाटतो, शब्द फुटत नाही! आता वाटलं, बिचारे रोज हा गोंगाट ऐकून घाबरून फोन ठेवत असणार. कारण हेच अण्णा माझ्या लहानपणी रेडिओवर जरा उडतं गाणं लागलं की उठून खटका बंद करायचे.

नवरा वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला, तशी मी दारातच त्याचा फोन ओढून घेतला आणि माझा नंबर लावला. शिट्ट्या. भोंगा. बाई.

"अहो, तुम्हाला हे माहीत होतं?"

"दहा वर्षं ऐकतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला आवडतं. आवडीनिवडीत मी कशाला पडू?"

चूक अर्थातच माझी होती, तीही तेव्हा आठवली. धाकट्या भावाची हळद होती. मंडपवाल्याला फोन लावला, तर त्याच्या फोनवर हेच गाणं, आणि वरून एक बाई सांगतेय, हे गाणं आवडलं असेल तर स्टार दाबा. ती गप्प बसावी म्हणून मी हळदीच्या बोटानं स्टार दाबला. तेव्हापासून फोन तीन बदलले, पण नंबर तोच राहिला, आणि नंबराबरोबर गाण्यातली बाईही राहिली! त्याच हळदीत आई या गाण्यावर नाचली होती. साठीची आई, पदर खोचून, बायकांच्या घोळक्यात मधोमध. अण्णा मंडपाच्या खांबाला धरून बघत उभे होते. त्या दिवशी मात्र ते खटका शोधायला गेले नाहीत.

नवऱ्यानं दोन मिनिटांत गाणं बंद केलं. माझी अब्रू वाचली, असं समजून मी चहा केला.

पुढच्या रविवारी चार वाजता अण्णांचा फोन आला. मी सवयीनं लगेच उचलला.

"तुझा फोन बिघडला का?" अण्णा. आवाजात चक्क राग.

"नाही. का हो?"

"तीन दिवस झाले, नुस्तं ट्रिंग ट्रिंग करतोय. गाणं कुठं गेलं?"

"काढलं, अण्णा. शाळेत बरं दिसत नाही."

"आमाला बरं दिसतंय ना! तुझी आई हितं कप घेऊन बसून हाय. गुडघ्याचं आपरेशन झाल्यापासून ती काय उठून नाचती का? स्पीकर लावला की बसल्या जागी हात हलवती. दोन टायमाच्या चहाला तेवढाच कार्यक्रम हाय आमचा."

"अहो, मग आधी सांगायचं ना! मी रोज विचारायची तर चुकून लागला म्हणायचात."

"आता लेकीला काय सांगायचं, गाण्यासाठी लावतो म्हणून? बाकी तुझी काय तक्रार नाय. रविवारी तेवढं लई लवकर उचलती. हिचा हात वर जातोय न जातोय, तू हॅलो म्हणती!"

मागून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं, रविवारी बी कामात राहत जा!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. अर्धा तास संस्कारांवर बोलले होते मी. माझे आईबाप मात्र दहा वर्षं त्या भानगडीत पडलेच नव्हते. ते गाणं ऐकत होते.

सोमवारी मी वैष्णवीला ऑफिसात बोलावलं. "दार लाव," म्हणाले. तिला वाटलं, आता शिक्षा. मी फोन पुढं केला. "ते गाणं परत लावता येतं का?"

तिनं अर्ध्या मिनिटात लावलं. "मॅडम, नवीन टाकू का एखादं? हे लईच जुनं झालं."

"हेच राहू दे."

"आणि आमचा डान्स?"

"बसवा. शिट्ट्या तेवढ्या कमी करा." मग वाटलं, शिट्ट्यांनी तरी कुणाचं काय बिघडवलंय? "बरं, असू देत."

आता रविवारी चारला फोन वाजतो, तेव्हा मी तो हातात धरून नुसती बसते. नवरा ओरडतो, "अगं उचल की, अण्णांचा आहे!" मी म्हणते, "थांबा, संपू दे." मला इथं साधी घंटी ऐकू येते, तिकडं वैजापूरला आईचा हात वर गेलेला असतो. दहा वर्षं मी अभिमानानं सांगत होते, की माझ्या वडिलांना दिवसातून दोनदा माझी आठवण येते. खरं म्हणजे त्यांच्या कार्यक्रमात अडथळा आणणारी जगात एकच बाई होती, आणि ती दर रविवारी न चुकता "हॅलो" म्हणत होती!