करंदीकर मॅडम आणि माझी न केलेली सही

साठीचा गौरवग्रंथ आहे, गोड लिहा, असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो.

डॉ. वैजयंती करंदीकर यांची आणि माझी ओळख चार वर्षांपूर्वी दोह्यात झाली. मी हमद पोर्टवर कंटेनरचे करार पाहत असे. युरोपातल्या कंपन्यांची पत्रं डोक्यावरून जात, म्हणून एका विद्यापीठात मॅडमच्या युरोपीय संघाच्या कायद्याच्या वर्गाला पाहुणा विद्यार्थी म्हणून बसू लागलो. परीक्षा नाही, पदवी नाही, फक्त मागचा बाक.

पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, "देशांच्या वरचा हा कायदा कुणी लादलेला नाही. देशांनीच आपल्या अधिकारांतला थोडा हिस्सा आपण होऊन तिथे ठेवला. आता स्वतःचा कायदा आड आला, तर तो बाजूला सारावा लागतो. आणि साधा माणूसही आपल्याच कोर्टात उभं राहून त्या वरच्या कायद्यावर बोट ठेवू शकतो."

मग सरावाचा प्रश्न आला. पोर्तुगालच्या सुताराला जर्मनीत नोकरी धरायची आहे. त्याने काय करावं? मी पहिली ओळ लिहिली, ‘आधीच्या कंपनीचं एनओसी जोडावं.’ नोकरी बदलायला जुन्या मालकाचं एनओसी लागण्याची कतारमधली अट तोवर उठली होती, आमच्या अंगातून गेली नव्हती. अर्ध्या वर्गाने तेच लिहिलं होतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समासात लाल पेनाने लिहिलं, ‘कशाला?’ वही परत देताना म्हणाल्या, "हक्क आहे तिथे परवानगी मागायची सवय सोडा."

जहाजांच्या गडबडीत माझे दोन तास बुडाले, तेव्हा त्यांनी शुक्रवारी अल हिलाल भागातल्या आपल्या घरी बोलावून जेवणाच्या टेबलावर दोन्ही शिकवले. वर मुगाची खिचडी वाढली. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही कुणी एवढं करत नाही.

यंदा मॅडम साठ वर्षांच्या झाल्या आणि विद्यापीठाने त्यांचा करार वाढवला नाही. करार संपला की इथला मुक्कामही संपतो. हातातली तुकडी पूर्ण करायला त्यांना एकच वर्ष हवं होतं. विद्यार्थ्यांनी विनंतीपत्र काढलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या सह्या मागितल्या. ते माझ्याकडे आलं, तेव्हा मी काय केलं? मॅनेजरला विचारलं.

"देख लो भाई," ते म्हणाले, "कंपनी का नाम नहीं आना चाहिए."

मी सही केली नाही. हा ग्रंथ काढणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थी मंडळातल्या बहुतेकांनी केली नाही. "सिस्टिमच तशी आहे, खलास," असं आपण एकमेकांना सांगितलं. चार-पाच नावांचं ते पत्र गेलं आणि नकार आला. आज या ग्रंथात मात्र सगळ्यांची नावं झळकत आहेत. मला त्याची लाज वाटते, माझ्या नावासकट.

मी फोन करून मॅडमना खरं सांगितलं.

"मॅनेजरना विचारलंत?"

"हो."

"बरं. जेवलात का?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात मॅडम कायमच्या नाशिकला जात आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि तिथे माझ्यापेक्षा बरे विद्यार्थी मिळोत. ही इच्छा मी कुणालाही न विचारता लिहिली आहे. सहीसुद्धा तशीच करता आली असती.