पाठकोरे सर

आमच्या सरांना कोरा करकरीत कागद बघवायचा नाही. वर्गात कुणी नव्या कागदांचं रीम उघडलं की कुणीतरी दूध गटारात ओतताना बघावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. ते स्वतः लिहायचे ते एका बाजूने वापरून झालेल्या कागदांवर. लग्नपत्रिकांच्या मागे, कॅलेंडरच्या उलट्या पानांवर, औषधांची खोकी उसवून आतल्या करड्या पुठ्ठ्यावर. माझ्या पहिल्या असाइनमेंटवरचा शेरा मला कुणाच्या तरी बारशाच्या आमंत्रणामागे मिळाला होता. असल्या कागदाला पाठकोरा म्हणतात, म्हणून सर पाठकोरे. नव्या बॅचमधल्या निम्म्या मुलांना ते त्यांचं आडनावच वाटायचं आणि सरांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात ते ग्राफिक डिझाइनच्या मुलांना पर्यावरणपूरक डिझाइन शिकवायचे. मुलं त्याला कचऱ्याचा तास म्हणत. मी त्यांची विद्यार्थिनी होते. पुढे त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर अक्षरकला शिकवायला लागले आणि त्यांच्या शेजारच्या टेबलाशी मला जागा मिळाली. मी शिक्षिका झाले तरी हाक जुनीच राहिली. सर मुलांना नावाने बोलवत नसत, राहत्या जागेने बोलवत. घाटकोपर, बोरिवली, सांताक्रूझ. मी मुलुंड. कचरा कुठून निघतो ते आधी लक्षात राहायला हवं, माणसाचं नाव नंतर, असं त्यांचं म्हणणं. स्वतः ते गोवंडीला राहायचे, म्हणजे आम्हा सगळ्यांचा कचरा जिथे पोचतो तिथे.

त्यांचा प्रश्न एकच असायचा. एखादा मुलगा आठवडाभर राबून बिस्किटाच्या पुड्याचं डिझाइन करून आणायचा. रंग, अक्षरं, कोपऱ्यातली चमक, सगळं समजावून सांगायचा. सर मान डोलवत ऐकायचे आणि विचारायचे, "आणि नंतर?" नंतर दुकानात जाईल, सर. "आणि नंतर?" नंतर कुणीतरी विकत घेईल, खाईल. "आणि नंतर?" इथे मुलगा गप्प व्हायचा. वर्गात खसखस पिकायची, पण दबकत, कारण पुढची पाळी आपलीच हे सगळ्यांना ठाऊक असायचं. माझ्या लग्नाच्या पत्रिका ठरवायला मी छापखान्यात गेले तेव्हा तोच प्रश्न कानात वाजला आणि मी हात हलवत परत आले. पत्रिका नाहीत म्हटल्यावर आईने माझ्याशी अबोला धरला. सरांना हे सांगितलं तर ते इतके खूश झाले की मला त्यांचा रागच आला.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते जाहिरातीच्या धंद्यात होते. तिथे त्यांनी केळ्याच्या वेफर्ससाठी एक नारिंगी पाकीट केलं. मालकाची अट होती की दुकानाबाहेर उन्हात टांगलं तरी रंग उडता कामा नये. सरांनी छपाईवाल्याच्या मागे लागून तसा रंग बसवून घेतला आणि त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली. पुढे तो वेफर्सवाला बुडाला, सर शिकवायला लागले, लग्न झालं, गोवंडीला बिऱ्हाड केलं. खिडकीतून डंपिंगचा, म्हणजे कचऱ्याचा, डोंगर दिसायचा. एकदा सकाळी नाल्याच्या कडेने येताना चिखलात काहीतरी नारिंगी दिसलं. त्यांचंच पाकीट. वेफर्स कुणाला आठवतही नव्हते, रंग मात्र जसाच्या तसा. ते पाकीट त्यांनी धुतलं, घडी केली आणि तेव्हापासून ते शर्टाच्या खिशात बाळगायचे. "ही माझी डिग्री," ते म्हणाले. "बघ मुलुंड, कुठे फिकी झालीये का." मी उजेडात धरून पाहिली. झाली नव्हती.

दरवर्षी ते मुलांना वर्सोव्याच्या किनाऱ्यावर न्यायचे. मुलं हौसेने होड्या काढायला बसायची आणि सर त्यांना उठवायचे. होड्या नाही, वाळूत जे सापडेल ते काढा. मग पोरं नाक मुरडत शांपूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, फाटकी पाऊचं गोळा करायची आणि त्यांची हुबेहूब चित्रं काढायची, अक्षरांच्या वळणासकट. सर मधून फिरत म्हणायचे, "नीट बघा. हा तुमच्या सीनियर लोकांचा पोर्टफोलिओ आहे." एका वर्षी सांताक्रूझने, म्हणजे त्या बॅचमधल्या सगळ्यात चांगल्या हाताच्या मुलाने, एका गुटख्याच्या पुडीचं असं चित्र काढलं की सर ते बघतच राहिले. त्या मुलाचा सरांवर फार जीव होता. त्यांच्यासारखाच पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन तो हिंडायचा. त्याच्याबद्दल सर मला म्हणाले होते, एक जरी असा तयार झाला तरी पुरे.

एव्हाना विषयावर संकट आलं होतं. पोरं तो घेत नव्हती, नोकरी देणारे त्याबद्दल विचारत नव्हते. प्राचार्य बाईंनी सरांना बोलावून सांगितलं की यंदाचं वार्षिक प्रदर्शन तुमच्या पद्धतीने करा. जमलं तर विषय सगळ्यांना सक्तीचा करू, नाही जमलं तर बंद. सर हे सांगायला थेट माझ्या टेबलाशी आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी अख्खं प्रदर्शन दिलं होतं. त्यांनी फ्लेक्स बंद केलं, थर्माकोल बंद केला, लॅमिनेशन, प्लास्टिकच्या चिकटपट्ट्या, सगळं बंद. पोस्टर्स हाताने रंगवायची, गेरू, खडू, हळद, काजळीने. मागे जुन्या खोक्यांचे पुठ्ठे. आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. ती त्यांनी स्वतः कँटीनच्या शेगडीवर ढवळून शिजवली. कीड-उंदीर लागू नयेत म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते घालू या, असं मी सुचवलं. ते म्हणाले, विष कशाला? उद्या हे सगळं मातीत जायचंय.

पोस्टर्स लागली आणि खरं सांगते, आमच्या त्या कळकट हॉलला असं रूप कधी आलं नव्हतं. उद्घाटनाच्या सकाळी दार उघडलं तर उंदरांनी सगळं खाल्लेलं. कडा कुरतडलेल्या, पुठ्ठे उकललेले, आणि सांताक्रूझचं भिंतभर पोस्टर, ज्यावर त्याने महिनाभर मान मोडली होती, ते मधोमध फाटून जमिनीवर पडलेलं. गव्हाची खळ म्हणजे उंदरांना पंगतच. सर आधी हसले. अगदी मनापासून हसले. म्हणाले, "म्हणजे पचलं. फ्लेक्स पचवून दाखवा म्हणावं." मग त्यांचं लक्ष सांताक्रूझकडे गेलं. तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर त्याने खांदा काढून घेतला. तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन प्राचार्य बाई आल्या. पाहुण्यांपैकी एकाने नाकाला रुमाल लावला.

विषय गेला. त्याच्या जागी ग्रीन ब्रँडिंग नावाचा नवा आला. पाऊच तेच, फक्त त्यावर हिरवं पान कसं काढायचं, कोणता हिरवा घेतला म्हणजे गिऱ्हाइकाला बरं वाटतं, वगैरे. आणि तो शिकवायला त्यांनी सरांनाच सांगितलं. मला वाटलं, सर राजीनामा फेकून येतील. ते होकार देऊन आले. मी त्यांना नाही नाही ते बोलले, लाज कशी वाटत नाही इथपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. "वर्गात उभं तरी राहता येईल ना गं," ते म्हणाले. "रस्त्यात उभा राहून कुणाला विचारू, आणि नंतर म्हणून?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फळ्यावर पान काढायला सुरुवात केली. पान फार सुंदर काढायचे, हेच वाईट.

वर्ष संपता संपता सांताक्रूझला नोकरी लागली. त्याने शांपूच्या पुडीवर काढलेलं हिरवं पान कंपनीला इतकं आवडलं की त्यांनी त्याला जागेवर घेतलं. तो पेढे घेऊन आला आणि सरांच्या पाया पडला. सरांनी पुडी हातात घेतली, उलटसुलट केली. मग अगदी हळू, विचारू की नको असं, विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर सहा महिन्यांनी कन्फर्म करतात सर," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तेवढंच ऐकू आलं होतं. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला.

निवृत्तीच्या दिवशी मी गेटपाशी पोचले आणि पाय तिथेच थबकले. गेटवर फ्लेक्स. दोन माणसांच्या उंचीचं, हसऱ्या सरांचा भलामोठा फोटो, चारी कोपऱ्यांत हिरवी पानं आणि वर ठसठशीत अक्षरांत "आमचे लाडके पाठकोरे सर". सांताक्रूझने पहिल्या पगारातून करवून घेतलं होतं, तेही सुट्टी टाकून, स्वतः शिडीवर चढून बांधलं होतं. प्रेमाने केलं होतं. रागवायचं तरी कुणावर? सर आले, वर बघितलं, मग कापडाच्या दुकानात पोत बघतात तशी कड चिमटीत धरून पाहिली. रंग उडणार नाही, दहा वर्षं गॅरंटी आहे, असं तो मुलगा त्यांना उत्साहाने सांगत होता. सर म्हणाले, "झकास झालंय रे." कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ते उतरवून मागितलं. मुलांना वाटलं, आठवण म्हणून.

मी त्यांना सोडायला रिक्षाने गोवंडीपर्यंत गेले. फ्लेक्सची गुंडाळी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी होती आणि तिला नव्या रबरी चपलेसारखा वास येत होता. चेंबूरपर्यंत ते गुंडाळीची कड बोटाने चाचपत होते. मग म्हणाले, "मुलुंड, खरं सांग. मी शिकवलं की नाही?"

"शिकवलंत सर."

"मग?"

ते बाहेर बघत रडत होते, चष्मा न काढता, आणि रिक्षावाला आरशातून बघून न बघितल्यासारखं करत होता.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. डंपिंगला आग लागली की गोवंडीत धूर कोंडतो. त्या धुराने त्यांची छाती आधीच पोखरली होती. इस्पितळात भेटायला गेले तर नळ्या, सुया, मास्क, हातमोजे यांच्या गराड्यात ते लाजल्यासारखे पडून होते. नर्सने एक सुई वापरून पांढऱ्या डब्यात टाकली की त्यांचे डोळे तिच्या मागे जायचे. "सगळं एकदाच वापरायचं ना गं हे?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. "एका माणसाला जगवायला किती कचरा होतो," ते म्हणाले आणि नर्सची माफी मागितली. मी भडकले. म्हटलं, सर, आता पुरे, श्वास घ्या फक्त. ते माझ्याकडे बघून थोडंसं हसले. दोन दिवसांनी गेले.

महिनाभराने काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला घरी बोलावलं. त्या घर सोडून भावाकडे रत्नागिरीला चालल्या होत्या. सामान बांधून झालं होतं आणि दाराशी ती गुंडाळी उभी होती. "वैशाली, हे एवढं तू ने गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने टाकवत नाही, आणि टाकलं तर जाणार कुठे, इथेच समोर." खिडकीबाहेर डोंगर होता, त्यावर घारी फिरत होत्या. सर निवृत्तीनंतर रोज ते फ्लेक्स जमिनीवर उलटं पसरून बसायचे, असं काकूंनी सांगितलं. पाठ पांढरी आहे, कोरी आहे, वाया कशाला घालवायची म्हणायचे. गेरू कालवून त्यावर रंगवायचे. वाळलं की त्याच्या खपल्या पडायच्या. काकू केरसुणीने लोटायच्या आणि ते पुन्हा गेरू कालवायला बसायचे. "काय काढत होते?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "कुणास ठाऊक. पुरं होईपर्यंत ते कधी टिकलंच नाही."

गुंडाळी माझ्या माळ्यावर आहे. नवरा दर दिवाळीला विचारतो, हे टाकू या का, आणि मी त्याला विचारते, कुठे. या वर्षी झाडलोट करताना मी ती खाली काढली आणि हॉलमध्ये उलगडली. पाठीवर दोन-तीन तांबूस डाग आहेत, बोट फिरवलं तर तेही हाताला येतात. मी ती सुलटी केली. सर हसत होते. रंग कुठेही उडालेला नाही.