नानांचा चष्मा

प्रॉम्प्टरकडे किस्से साठतात, त्याला तो तरी काय करणार! नाटकात सगळे बोलतात आणि हा विंगेत स्टुलावर बसून ऐकतो. जो तो जे विसरतो, ते याच्या पदरात पडतं. जळगावच्या आमच्या हौशी मंडळात मी उभं आयुष्य प्रॉम्प्टिंग केलं. नोकरी पोटासाठी होती, ती संपली. बायको गेली. उरलं ते हे स्टूल.

आमच्याकडे एक पद्धत आहे. वाक्य आठवेना, की नटानं खूण करायची आणि मी विंगेतून हळूच वाक्य पुरवायचं. प्रत्येकाची खूण वेगळी. शोभाअक्का बांगड्या मागे सारते. आमचे दिग्दर्शक रफिकभाई, एरवी फर्निचरवाले, कधी स्वतः कामाला उभे राहिले की खोकतात. एका प्रयोगात ते इतके खोकले, की मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या बाईंनी आल्याचा काढा पाठवून दिला!

नानांना मात्र खूणच नव्हती. नाना म्हणजे आमचे कायमचे हिरो. वय झालं तरी हिरोच. मला म्हणायचे, "प्रॉम्प्टर बाकीच्यांसाठी रे. मी स्टेजवर असलो, की तू खुशाल झोप काढ!"

* * *

तालमीनंतर टपरीवर चहा व्हायचा. टपरीवाला मला काही विचारायचाच नाही, माझ्या ग्लासात दोन चमचे साखर जास्त टाकूनच द्यायचा. नाना दरवेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "दिगंबर चहा पीत नाही, चावून खातो!"

सगळे दरवेळी हसायचे. मीही हसायचो. घरी गेल्यावर हसायला कोण होतं?

* * *

मागच्या वर्षी रफिकभाईंनी नवं नाटक लिहिलं. त्यातल्या अप्पासाहेबांची स्मरणशक्ती जायला लागलेली असते आणि ते बायकोपासून लपवत असतात. अप्पासाहेब अर्थात नाना, बायको शोभाअक्का.

दुसऱ्याच तालमीला अक्का उसळली. "नवऱ्यानं असलं काही बायकोपासून लपवलं, तर मी लाटणं घेऊनच एन्ट्री घेईन! त्यानं पहिल्या प्रवेशातच सांगायला पाहिजे."

"पहले प्रवेश में बता दिया, तो नाटक खतम!" रफिकभाई म्हणाले. "मग लोकांना काय, दोन तास पडदा दाखवू?"

मीही अक्काच्या बाजूनं बोललो. सांगून टाकलं की माणूस मोकळा होतो, वगैरे. प्रॉम्प्टरचं मत कोणी विचारत नाही, पण मी देतो. वाद चांगलाच तापला. शेवटी रफिकभाई नानांकडे वळले. "नाना, तुम्ही सांगा. करायचं काय याचं? लपवू दे की नको?"

नाना खुर्चीत बसून होते. म्हणाले, "अप्पासाहेबाचं बरं आहे. त्याला लपवायला तरी घरात कुणी आहे."

तालीम त्या दिवशी लवकर सुटली.

* * *

त्याच आठवड्यात नानांनी मला टपरीच्या मागे नेलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "ही माझी खूण."

मला वाटलं, गंमत करताहेत. म्हटलं, "तुम्हाला कशाला खूण?"

नाना एरवी शुद्ध बोलतात. जिवाला लागलं, की गावाकडची बोली येते. "दिगंबर, माले नावं याद येत नही. माणूस समोर ऱ्हास, पण नाव येत नही. कोणले सांगजो नको. पोऱ्याले तर नहीच नही. तो माले पुन्याले ली जाई."

मुलगा मिलिंद पुण्याला असतो. नाना इथे एकटे. इथले रस्ते, इथली टपरी, इथलं नाटक सोडून त्यांना कुठेच जायचं नव्हतं. मी शब्द दिला. पटकन दिला, कारण नाना गेले तर संध्याकाळी मी तरी कोणाकडे जाणार होतो?

* * *

मग माझं प्रॉम्प्टिंग विंगेतून रस्त्यावर आलं. बाजारात, बँकेत, लग्नात मी नानांच्या अर्धं पाऊल मागे. कोणी समोरून आलं की चष्मा निघायचा आणि मी ओठ न हलवता पुरवायचो, "पोस्टातले कुलकर्णी." नाना लगेच, "काय कुलकर्णी, पोस्ट काय म्हणतंय?" कुलकर्णी खूश!

एकदा लग्नात घोळ झाला. रावेरचे त्यांचे साडू समोर आले. चष्मा निघाला. मी पुरवलं, "रावेरचे साडू. वादळात केळी पडली, विचारा."

आता नटाची सवय अशी, की प्रॉम्प्टरकडून येईल ते पूर्ण उचलायचं. नाना हात पसरून खणखणीत आवाजात म्हणाले, "या रावेरचे साडू! वादळात केळी पडली, विचारा!"

मला तर घाम फुटला. साडू मात्र मांडीवर थाप मारून हसले. "नाना, तुमनी मस्करी काही जात नही!"

जेवताना नानाही हसले. हात धुताना मात्र मला म्हणाले, "आज वाचलो."

* * *

धुळ्याच्या स्पर्धेत अप्पासाहेब उभे राहिले. नानांनी पहिल्या अंकातच चष्मा काढला. मग काढतच राहिले. मी स्टुलावरून उठून पडद्याला चिकटून उभा, एकेक वाक्य पुरवत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब प्रयोग तो!

नानांना अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "विसरणाऱ्या माणसाचं ते सारखं चष्मा पुसणं! काय सूक्ष्म निरीक्षण आहे!"

रफिकभाई ताठ होऊन माझ्या कानात म्हणाले, "मीच बसवलंय ते!"

* * *

त्यानंतर काही दिवसांनी सकाळीच पारोळ्याहून एका एसटी कंडक्टरचा फोन आला. "एक आजोबा आहेत, तुमचा नंबर तोंडपाठ सांगतात. धुळ्याला नाटक आहे म्हणतात. पण कोणतं थिएटर ते सांगता येत नाही."

मी पारोळ्याच्या स्टँडवर पोचलो, तेव्हा नाना बाकावर बसले होते. अंगात अप्पासाहेबांचा कोट, तोंडाला स्वतःच लावलेली पावडर. मला बघून ओरडले, "कुठे होतास? तिसरी घंटा होईल आता!"

येताना बसमध्ये मी रुमाल ओला करून त्यांची पावडर पुसली. ते खिडकीबाहेरचा कापूस बघत होते. मला रडू आलं, मी ते आवरलं नाही. नाना म्हणाले, "वाईट झाला का प्रयोग?"

दुसऱ्या दिवशी मी मिलिंदला फोन केला. शब्द मोडला. म्हटलं, "एकदा येऊन स्वतः बघ. मग त्यांना तिकडे न्यायचं की इथेच कोणी ठेवायचं, ते ठरव. पण आता त्यांना एकटं ठेवू नकोस."

* * *

मिलिंद रविवारी आला. मी संध्याकाळी गेलो. ठरवूनच गेलो होतो, की आज आपण काहीही पुरवायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. जे आहे ते पोराला दिसू दे.

दार नानांनी उघडलं. मागे सोफ्यावर मिलिंद आमच्याकडेच बघत होता. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागून कोण येतंय? जिना रिकामा होता.

नाना पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. मिलिंद सोफ्यावरून उठायला लागला.

"दिगंबर," मी ओठ न हलवता म्हणालो. "तुमचा मित्र."

नानांनी चष्मा चढवला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "ये दिगंबर! तुमचा मित्र!" आणि हात धरून मला आत घेतलं. "मिलिंद, चहा टाक रे. दिगंबरला बिनसाखरेचा. त्याला साखर अजिबात चालत नाही!"

मिलिंद हसत स्वयंपाकघरात गेला. कप आणून देताना हळूच म्हणाला, "काका, तुम्ही उगाच घाबरलात. बाबांना तर तुमच्या चहाचंसुद्धा लक्षात आहे!"

नाना माझ्याकडे बघत होते. मी कप तोंडाला लावला आणि सगळा चहा प्यालो.