पायांनी ओल ओळखणारे मामाजी

मामाजींना जमिनीतली ओल तळपायाने कळायची. सकाळी चपला पायरीवर काढून ते वाफ्यात उभे राहत, टाच जरा दाबत आणि निकाल देत, "वांग्याले दोन दिवस नको. लिंबाले आज देजो." मला आधी हे सगळं नाटक वाटे. मी गणिताची शिक्षिका, पुराव्याशिवाय न बोलणारी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांची पाठ वळताच मी खुरप्याने उकरून पाहिलं. वांग्याखाली वीतभर खोल चांगली ओल होती. त्या दिवसापासून निदान बागेपुरतं तरी मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. आमचे मामाजी सेलूकडच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे ठरलेल्या पाळीप्रमाणे पाहणं ही त्यांची नोकरी. एकदा त्यांच्या सख्ख्या साळ्याने पाळी नसताना पाणी मागितलं. मामाजींनी दिलं नाही. सासूबाईंनी दोन महिने अबोला धरला. ताट तेवढं मुकाट्याने पुढे सरकवत. "बायको रुसली तं मनवता येते, पाळी मोडली तं गाव मनवा लागते," असा मामाजींचा हिशेब होता.

रिटायर झाल्यावर त्यांनी वर्ध्याच्या घरामागे तोच कालवा काढला, फक्त हातभर रुंदीचा. नळाच्या तोंडापासून मातीचे छोटे दांड, त्यातून प्रत्येक वाफ्यात वळणारं पाणी. "पाणी अन् पाव्हना, दोघायलेही वाट दाखवा लागते," असं म्हणत ते फावड्याने माती इकडची तिकडे करत. सोमवारी वांगी, मंगळवारी पालक, असं ठरलेलं; पायाला ओल लागली तर पाळी पुढे ढकलली जाई, पण वाराआधी कधी येत नसे. मे महिन्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, मान टाकून पडला, तरी त्याचा वार येईपर्यंत त्याला थेंब मिळत नसे. मी गुपचूप एक तांब्या ओतायची. दुसऱ्या दिवशी वाफ्यात पाय ठेवताच हाक यायची, "काल सांभाराले कोनं पाजलं वं?" घरात चोर एकच, त्यामुळे तपास लांबत नसे.

सासूबाई गेल्या आणि मामाजींची साखर वाढली. घरात मी आणि ते दोघंच. यांची नोकरी रायपूरला, महिन्याकाठी एक फेरी. एका सकाळी मामाजी वांग्याच्या वाफ्यात उभे होते. पाणी त्यांच्या घोट्यावर चढलं, वाफा फुटून शेजाऱ्याच्या भिंतीला लागलं, तरी ते उभेच. मी धावत जाऊन नळ बंद केला. ते खाली पाहत म्हणाले, "भरलं काय? मले काई समजलंच नाई." आठ दिवसांत वांगी सडली. डॉक्टर म्हणाले, साखरेने तळपाय बधिर झालेत. अनवाणी चालायचं नाही, चिखलात तर मुळीच नाही. जखम झाली तर कळणार नाही आणि पाय गमवावा लागेल.

मी कंबर कसली. प्रश्न आहे म्हणजे उत्तर असणारच, ही माझी जुनी खोड. मोबाईलवर चालणारं ठिबक लावायचं ठरवलं: मातीत सेन्सर, नळाला टायमर, म्हणजे मामाजींना वाफ्यात उतरायचं कारणच उरणार नाही. मला वाटलं होतं, ते आकाशपाताळ एक करतील. ते एवढंच म्हणाले, "तुले बरं वाटते तं लाव."

नागपूरहून आलेल्या माणसाने सांगितलं, नळ्या टाकायच्या तर जमीन सपाट हवी, दांड बुजवा. मी मजूर सांगणार होते. मामाजी पहिल्यांदाच ताठ झाले. "माह्या हातचे दांड मीच बुजवीन." आतल्या बाजूने तो माणूस नळ्या अंथरत होता, तारेच्या खुंट्या तोडून, वाकवून जमिनीत ठोकत होता. पलीकडून मामाजी माती ओढत होते आणि सवयीने टाचेने दाबत होते. चपला पायरीवर. मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ओरडायला तोंडही उघडलं होतं. पण ते इतके मन लावून एकेक दांड दाबत होते की मला वाटलं, शेवटचंच आहे, करू द्यावं. आणि मी पोळी उलटली.

मशीन उत्तम चाललं. सकाळी सहाला थेंब पडू लागत, मोबाईल मला शाळेत खबर देई. कोणत्या वाफ्यात किती ओल, सगळं समजे. आणि बारा दिवसांनी मामाजींच्या खोलीत मला घाण वास आला. त्यांनी मोजा काढला तेव्हा टाच काळी पडली होती. "दुखलं नाई का हो?" मी किंचाळले. "दुखलं असतं तं सांगतलं नसतं काय?" ते म्हणाले.

सेवाग्रामच्या दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांनी टाचेतून जे काढलं, ते मला बाहेर बोलावून दाखवलं. बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा, एका बाजूला तिरका कापलेला. मी लगेच ओळखला. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

"बाभळीचा काटा असन," मामाजी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले. "कालव्यावर असे लई मोडले." मी हो म्हटलं. ते बरे होऊन घरी आले की सांगेन, असं मनाशी ठरवलं.

घरी आले, तर मागच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बाग दाखवत. "सूनबाईनं वेळेवर केलं पाहा. हे मशीन नसतं तं एका पायानं म्या काय पाणी देल्लं असतं?" पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघत आणि मी चहाच्या निमित्ताने आत पळे. एकदा हिय्या करून मी म्हटलं, "मामाजी, तो काटा नव्हता..." त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "काऊन जिवाले लावून घेतं पोरी? मी गेलतो ना अनवाणी. तुनं तं माही बाग वाचवली." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या थंडीत मामाजी गेले. जायच्या आदल्या आठवड्यातही शेजारच्या काकूंना सांगत होते, अशी सून भेटायला नशीब लागते म्हणून. ती तार कुठली होती, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. यांनाही अजून सांगितलेलं नाही.