सूनमुखाला इजिप्तचा आरसा

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५, नांदगाव. ऊन कडक. मोहोर टिकून आहे. शेजारच्या केयूरचं लग्न झालं. संध्याकाळी सूनमुखाला गेले.

केयूरचे वडील हरिश्चंद्र. आयुष्यभर तालुक्याच्या कचेरीत शिक्के मारले, निवृत्तीनंतर सहलीवाल्यांबरोबर इजिप्त पाहिला आणि विद्वान होऊन परतले. सोबत हातात धरायचा आरसा आणला. तांबूस धातूची चकती, मुठीवर गाईचे कान असलेल्या देवीचं तोंड. शाळेत सिस्टरांनी तिथल्या जुन्या चित्रातली बाई दाखवली होती, असाच आरसा धरून ओठ रंगवणारी. तिचा आरसा मात्र घासलेला असणार. हरिश्चंद्रांचा वर्षभरात काळवंडला, आणि ते काळेपण म्हणजेच प्राचीनपण, असं ते पाहुण्यांना ऐकवू लागले. "राणीच्या थडग्यातला आहे." थडग्यातल्या वस्तू किमतीच्या चिठ्ठीसकट निघतात, हे मला ठाऊक नव्हतं.

केयूर एकुलता. सासूने नव्या सुनेचं तोंड आरशात पाहायचं, या एका घटकेसाठी त्याची आई आनंदीबाई वर्षानुवर्षं थांबली होती. यजमानांनी फर्मावलं, सूनमुख त्याच आरशात.

"अवो, त्यात माजा नाक दिसना नाय, सुनेचा तोंड खंय दिसतला?"

"आनंदी, ही संस्कृती आहे. तुला कळायची नाही."

चार माणसं जमली की हरिश्चंद्रांची मालवणी गळून पडते.

दुपारी ती आरसा पदराखाली घेऊन माझ्याकडे आली. तांब्याचा हंडा घासतो तसा आम्ही तो आमसुलांनी घासला. काळं गेलं, मागोमाग तांबंही गेलं. खाली पत्रा. राणीला बहुधा तेलाच्या डब्यात पुरलं असावं. आनंदीबाईने तो पुसला आणि घरी नेऊन त्याच्या पेटीत परत ठेवला.

संध्याकाळी नवी सून दिव्या सासूच्या शेजारी बसली. हरिश्चंद्रांनी थाटात पेटी उघडली आणि ओरडले, चक्क मालवणीत, "ह्येचा वाटोळा कोणी केल्यान?"

"मिया. खालती पत्रो आसा."

कुणीतरी भिंतीवरचा आरसा काढायला उठलं.

"ऱ्हवांदे," आनंदीबाई म्हणाली. "आरसे पुरे झाले." हनुवटी धरून तिने सुनेचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि पोटभर पाहिलं. "बरी आसस गो."

हरिश्चंद्र घरापुढच्या खळ्यात जाऊन पाहुण्यांना सांगत होते, इजिप्तमध्ये पत्र्याचेही आरसे असत.

आमसुलांची बरणी रिकामी. उद्या सोलकढी नाही.