भरणारी आणि टाकणारी

"आधा काम सोजामासी, आधा काम इंदुबेन. दो चूल्हे लगा दो, झगडा खतम," असं म्हणून प्रवीणभाईंनी बशीतला चहा संपवला. त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला होता.

आम्ही दोघी त्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभ्या होतो. डोक्यावर लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, पट्टे टांगलेले. माझ्या शेजारी इंदू, इस्त्रीची जांभळी साडी नेसून. खाणावळ चालवणाऱ्या बाईला भर सकाळी इस्त्रीची साडी कशी परवडते, हे मी तेव्हाही मनात म्हटलं. मी स्वतः पिठाचे हात पदराला पुसत आले होते.

ही गोष्ट बमरोलीतली. सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. मी तिथे खाणावळ चालवायचे. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. बोर्ड नाही, मेनू नाही. धुळे-जळगावकडून एकटे आलेले लूमवाले दोन वेळ माझ्याकडे जेवायचे. दिवसपाळीवाला सुटला की तो, मग रातपाळीवाला जाण्याआधी तो. स्वयंपाक माझ्या भाड्याच्या खोलीच्या पुढच्या भागात. चूल लाकडाची.

इंदू आधी माझ्याकडेच कामाला होती. मी शिरपूरकडची, ती पारोळ्याची. कामाला चांगली होती, ते मी नाकारत नाही. शिकली आणि गल्लीच्या पलीकडे स्वतःची खाणावळ काढून बसली. माझी काही पोरं तिच्याकडे गेली. जाताना एक जण म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका, तिच्याकडे पंखा आहे." पंखा माझ्याकडेही होता. फक्त फिरत नव्हता.

तिच्याकडे गॅस आला. तिचा नवरा पीत नव्हता. ती हसली की तिचे सगळे दात दिसायचे आणि सगळे सरळ. यातलं काहीही तिनं माझ्या घरातून नेलं नव्हतं, पण मला तसंच वाटायचं.

आता मंडळाबद्दल. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांचं एक मंडळ होतं. किराणावाला, मेडिकलवाला, कापडवाला, दोन शिंपी, लाकडाच्या वखारीचा मालक, आणि प्रमुख प्रवीणभाई. उन्हाळ्यात दुकानांबाहेर पाण्याचे माठ ठेवायचे. शाळेच्या पोरांना वह्या द्यायचे. प्लेगच्या वेळी निम्मी वस्ती गाड्या पकडून गावी पळाली, तेव्हा मागे राहिलेल्या या दुकानदारांनी स्वतः गटारीत उतरून कचरा काढला होता आणि पावडर टाकली होती. याला कोणी समाजसेवा म्हणतं. मी म्हणते, गिऱ्हाईक जगलं तर दुकान जगतं, हे त्यांना कळत होतं. त्यात मला काही वाईट दिसत नाही.

रिकामी गल्ली त्यांनी एकदा पाहिली होती. म्हणून आखाजी जवळ आली तशी त्यांना धडकी भरली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. लग्न झालेली लेक त्या दिवशी माहेरी जाते, झोके खेळते, गाणी म्हणते, आणि तिच्या पानात खापराची पोळी पडते. वर्षभर बाई त्या एका पोळीवर जगते म्हटलं तरी चालेल. दरवर्षी त्या दिवसांत अर्धी बमरोली गावाला जायची. त्या वर्षी शेठ लोक सुटी द्यायला तयार नव्हते. प्लेगच्या खाड्यांनी ते आधीच चिडलेले. बायका होळीपासून तोंड पाडून होत्या. काही जणी तर नवऱ्याला सोडून जायच्या तयारीत होत्या, आणि त्या गेल्या की मागून नवरे जाणार, हे मंडळानं ओळखलं.

म्हणून त्यांनी ठरवलं, यंदा माहेर इथेच. वखारवाला झोक्याच्या फळ्या आणि जळण देणार. किराणावाला डाळ, गूळ, गहू देणार. आंब्याचा रस मेडिकलवाल्याकडून. आणि पोळी खापराचीच. वेढमी, म्हणजे गुजराती पुरणपोळी, करून या बायकांची समजूत काढता येणार नाही, एवढं प्रवीणभाईंना त्यांच्या दुकानातल्या खानदेशी नोकरानं सांगितलं होतं.

माझं लक्ष मात्र पोळीपेक्षा गाळ्यावर होतं. मंडळानं कोपऱ्यावर एक गाळा बांधला होता. आत नळ, मोरी, धूर जायला जागा. एकट्या कामगारांसाठी तिथे एक खाणावळ असावी, असं त्यांच्या मनात होतं. प्रवीणभाई बोलून गेले होते, आखाजीला जिच्या हाताची पोळी लोक नावाजतील तिला गाळा. इकडे माझ्या मकानमालकानं भिंत काळी झाली म्हणून खोली सोडायला सांगितलं होतं. पावसाळ्याआधी. गाळा मिळाला नाही तर माझी चूल रस्त्यावर होती. इंदूला त्याची काही गरज नव्हती. तिचा मालक तिला "बेन" म्हणायचा आणि भिंतीचं नाव काढायचा नाही.

आता खापराची पोळी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर पालथं घालतात. त्याच्या पाठीवर पोळी भाजते. पोळी पोळपाटावर लाटत नाहीत. एक बाई दोन लहान पुऱ्यांमध्ये पुरण ठेवून कडा बंद करते. ती भरणारी. दुसरी बाई ती पुरी दोन्ही हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत मोठी करते आणि खापरावर टाकते. ती टाकणारी. लोक बघतात ते टाकणारीकडे. तिचे हात हलतात, बांगड्या वाजतात. भरणारी खाली मान घालून बसलेली असते. पण कड जाड राहिली, पुरण एका बाजूला गेलं, तर टाकणारीच्या हातात पोळी फाटते. म्हणून खापर एका बाईचं काम नाही. ते जोडीचं काम आहे. माझी आणि इंदूची जोडी होती. मी टाकायचे, ती भरायची. माझ्याकडून गेल्यावर ती टाकायला लागली.

प्रवीणभाईंना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पोळीचं काम कोणाला, यावरून आम्ही भांडत होतो, आणि त्यांना वाटलं, दोन बाया म्हणजे दोन चुली. आम्हाला माहीत होतं. दुकानात उभ्या उभ्या आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही गप्प बसलो. मी गप्प बसले, कारण मला तिला हरवायचं होतं. ती का गप्प बसली ते तिला विचारा.

आखाजीच्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर कडुनिंबाला झोके बांधले. बायका नटून आल्या. पोरीबाळींनी गाणी सुरू केली. मंडळाचे लोक पांढरे कपडे घालून फिरत होते आणि एक फोटोवाला बोलावला होता. माझी चूल एका टोकाला, इंदूची दुसऱ्या टोकाला. मध्ये जेवणाऱ्यांच्या पंगती, म्हणजे सगळ्यांना दोन्हीकडचं दिसावं.

माझी भरणारी होती माझी सून लता. पोरगी चांगली, पण इथेच सुरतेत, उधन्यात वाढलेली. खापर तिनं लग्नानंतर पाहिलं. मी तिला चार दिवस बसवून शिकवलं होतं. घरी जमलं होतं. इथे एवढ्या बायका बघताहेत म्हटल्यावर ती कडा घाईघाईनं मिटायला लागली. पहिली पोळी बरी झाली. दुसरी माझ्या कोपरावर उघडली आणि पुरण थेट जाळात. गूळ जळल्याचा वास प्लॉटभर.

"सोजाबाई, पितरांना आधी वाढलं का?" पंगतीतून एक म्हातारी ओरडली. बायका खिदळल्या.

"कड दाब, कड!" मी लताला म्हणाले.

"दाबतेय, आई."

"लाडू नाही करायचा."

मी पलीकडे पाहिलं. इंदूचीही तीच गत होती. तिनं शेजारच्या परभणीच्या बाईला भरायला बसवलं होतं. ती बाई लाटायच्या पोळीत हुशार, पण हात सुटा राहावा म्हणून पीठ लावायची. पिठानं कडा चिकटत नव्हत्या. इंदूच्या हातात पोळीचे दोन पापुद्रे व्हायचे. तिच्या पोळ्या फाटताना बघून मला जे बरं वाटलं, तसं बरं मला पोराच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

पण पंगत बसून होती. पानांवर रस वाढून झाला होता. कुरडया, पापड खाऊन संपत आले होते. झोके थांबले. प्रवीणभाई घाम पुसत माझ्याकडे आले.

"मासी, शुं थयुं? लोक बैठे हैं."

"खापर तापतंय," मी म्हणाले.

"कब तक तापेगा?"

मी जाळ पुढे सारला. ते इंदूकडे गेले. तिथेही त्यांना तसंच काही उत्तर मिळालं असावं, कारण ते मधोमध येऊन उभे राहिले आणि आभाळाकडे बघायला लागले.

पंगतीत माझ्या समोरच एक नवी नवरी होती, नंदुरबारकडची. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. पानात रस होता आणि पोळी नव्हती. तिनं रस बोटानं चाखला आणि रडायला लागली. तिचं बघून शेजारची रडली. मंडळाचा फोटोवाला कॅमेरा खाली करून उभा राहिला.

इंदू तिची चूल सोडून माझ्याकडे आली. जांभळ्या साडीला पुरण लागलेलं. ते मी आधी पाहिलं.

"आक्का," ती हळू म्हणाली, "एकीला भरायला बसावं लागेल."

"मग बस."

"मी बसते. पण एवढी पंगत तू टाकशील? तुझा खांदा?"

माझा खांदा. भाकरी थापून थापून उजवा खांदा त्या वर्षी गेलाच होता. रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. ती माझ्याकडे होती तेव्हा तीच त्याला तेल लावायची, म्हणून तिला ठाऊक. घरच्या दहा पोळ्या मी टाकल्या असत्या. त्या पंगतीच्या नाही.

"तुला पाहिजेच होतं ना हे," मी म्हणाले.

"तू बठ ना माय आधी. भांडण नंतर कर."

मी लताला उठवलं आणि तिच्या पाटावर बसले. मोठेपणा म्हणून नाही. खांद्याचा हिशेब होता, आणि ती पोर रडत होती. भरणारी म्हणून मी सासूच्या खापरापाशी पुष्कळ वर्षं बसले होते. हात विसरले नव्हते. पहिली पुरी दिली. इंदूनं घेतली, फिरवली. चंद्रासारखी पसरली आणि खापरावर एक सुरकुती न पडता बसली. माझ्या मनात आलं, हिचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. हे मी त्या दिवसापर्यंत स्वतःला कबूल केलं नव्हतं, आणि त्या दिवशीही मला ते आवडलं नाही.

मग आम्ही थांबलो नाही. लता जाळ सांभाळत होती, परभणीची बाई पोळ्या घडी घालून वाढायला देत होती. नवरीनं पहिला घास खाल्ला आणि डोळे पुसले. झोके पुन्हा सुरू झाले. म्हाताऱ्या इंदूभोवती गोळा झाल्या. "काय हात शे पोरीना!" "पारोळ्याची ना तू?" फोटोवाल्यानं इंदूचे फोटो काढले, हात वर, पोळी हवेत. एकात माझं कोपर आलं. तो फोटो पुढे मंडळाच्या ऑफिसात लागला. माझं कोपर ओळखू येतं, हातावर चटक्याची खूण आहे.

दुसऱ्या दिवशी प्रवीणभाईंनी आम्हा दोघींना दुकानात बोलावलं. "सोजामासी, खोटं लागू दे नका," ते त्यांच्या मराठीत म्हणाले, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. "पब्लिक इंदुबेन-इंदुबेन करते. गाळा तिला."

"पोळ्या मी भरल्या," मी म्हणाले.

"भरली ते कोण पाहते?"

त्यात खोटं काही नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. मी वळले, तेवढ्यात इंदू बोलली. "प्रवीणभाई, आक्का बसली नसती तर माझी एक पोळी खापरावर पोचली नसती. कालचं तुम्ही पाहिलंत. गाळा द्यायचा तर दोघींना द्या. नाहीतर मलाही नको. मला जागा आहे."

मला तिथल्या तिथे तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पोळी तिची चांगली, दात तिचे चांगले, आणि आता मनही तिचंच चांगलं. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवायचं नव्हतं तिला.

"चालेल," मी म्हणाले. पावसाळा तोंडावर होता.

गाळा आम्ही दोघींनी घेतला. पुढे बरीच वर्षं चालवला. मंडळ दर आखाजीला झोके बांधायचं, मी भरायचे, इंदू टाकायची, आणि लोक तिलाच नावाजायचे. भांडणं रोजची. तिची भाजी जास्त उठली तर मला जेवण जायचं नाही. माझ्या वरणाचं कोणी नाव काढलं तर ती दिवसभर भांडी आपटायची. तेव्हा मला कळलं की तिच्यातही माझ्यासारखंच काहीतरी आहे, आणि बरं वाटलं.

खाणावळ काढणाऱ्या पोरी आता मला विचारतात, भागीदार कसा निवडावा. मी सांगते, जिचा हेवा वाटतो तिलाच घ्या. मैत्रीण घेतली तर तिच्यावर विश्वास टाकून माणूस झोपतं. हेवा असला की नजर हटत नाही. आमच्या गाळ्यात कधी डाळ करपली नाही, कधी मीठ जास्त झालं नाही.