ट्यूबच्या सुरात

मसोलीला आमच्या भिंतीला भिंत लावून रेल्वेतले एक कारकून राहायचे. दोन टेपरेकॉर्डर, एक माइक आणि भिंतींना ठोकलेल्या गोधड्या, एवढ्यावर त्यांनी पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. दर रविवारी तिथे भजनी मंडळाच्या कॅसेटची तालीम चाले. पण आमची ट्यूब लागली, की त्यांच्या स्पीकरमधून घरघर सुरू होई आणि पाठोपाठ ते आमच्या दारात हजर. गळ्यात हेडफोन, त्याची उपटून आलेली वायर मागून फरफटत.

"वहिनी, ट्यूब बंद करता? बेच मिनिटं!"

त्यांचं 'बे' गुजराती होतं, मिनिटं मात्र रेल्वेची. मिक्सर लावला तर म्हणत, "आज चटणी पाट्यावर वाटा ना!" फ्रिजला तर ते हातच जोडत.

ट्यूब मी बंद करत नसे, मुलं अभ्यासाला बसलेली असत. मंडळ बिचारं वर्षभर त्या घरघरीतच गायलं. शेवटी मलाच दया आली. मी खोलीत बल्ब लावून घेतला आणि ट्यूब बंद ठेवली.

त्या रविवारी ते पुन्हा दारात आले. मागे टाळांसकट अख्खं मंडळ, सुतकी चेहऱ्याचं.

"वहिनी, ट्यूब लावता? तिची घरघर जवळपास पेटीच्या पांढरी पाच पट्टीत होती. तिच्याशिवाय कुणालाच सूर सापडत नाहीये."

"अहो, पेटी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण ती आता सगळ्यांना बेसूर वाटते."

मी ट्यूबचं बटण दाबलं. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली, आणि माझ्या दारात उभ्या मंडळाने डोळे मिटून एका सुरात 'आ' लावला.